पंधरा थाऊ

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘जुन्या मोटारीची देखभाल’ असा छापला आहे. काल अथर्वशीर्षाची आवर्तनं झाली, उद्या मुलांची नाट्यछटा आहे. मधेच हा गॅरेजवाला कुठून आला, असं काही जणांना वाटलं असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण जानेवारी २०२३ मध्ये आपल्या लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला होता, तिथे मी एका टप नसलेल्या गाडीपाशी उभा राहून अनोळखी माणसांना नको तितकी माहिती देताना आपल्या चिटणीसांना सापडलो. तेव्हापासून ते माझ्या मागे होते.

एमजी म्हटलं की आता आपल्याला हालोल आठवतं. पावागडच्या वाटेवरचा तो कारखाना आपण सगळ्यांनी येता-जाता पाहिला आहे. त्या गाड्यांवर जो अष्टकोनी बिल्ला असतो, त्यातली एम आणि जी ही अक्षरं म्हणजे ‘मॉरिस गॅरेजेस’. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड गावातलं मोटारींचं एक दुकान. त्या दुकानातून पुढे स्पोर्ट्स गाड्यांचा एक कारखानाच उभा राहिला, तो जवळच्या अ‍ॅबिंग्डनला. तिथे १९६२ ते १९८० एवढ्या काळात एमजीबी नावाची गाडी बनली, पाच लाखांहून जास्त. बहुतेक गाड्या दोन माणसांच्या आणि कापडी टपाच्या. त्यातली एक, १९७६ची, लाल रंगाची, मी १९९७ मध्ये बर्मिंगहॅमजवळ विकत घेतली. आज मी त्या एका गाडीबद्दल बोलणार आहे. आणि अण्णांबद्दल, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल.

इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींना अण्णा आठवत असतील. रावपुऱ्यातल्या एका गॅरेजमध्ये ते पस्तीस वर्षं फिटर होते. अ‍ॅम्बॅसिडरचे डॉक्टर म्हणायचे लोक त्यांना. पण मला मात्र त्यांनी कधी पान्याला हात लावू दिला नाही. ‘हात काळे करायला मी आहे, तू वही काळी कर,’ असं म्हणायचे. मी वही काळी केली, आपल्या कलाभवनातून मेकॅनिकलची पदवी घेतली, १९८९ मध्ये नोकरीसाठी इंग्लंडला गेलो. आणि पस्तिशीला पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की मोटारीच्या इंजिनावर मला शंभर गुणांचा पेपर लिहिता येतो, पण प्लग काढता येत नाही. गाडी घेण्यामागे तीही एक सल होती. अण्णांना मी फोनवर सांगितलं की एक जुनी गाडी घेतली आहे, छान आहे.

छान नव्हती. विकणाऱ्याने पत्रा नवा आहे असं सांगितलं होतं. पहिल्या हिवाळ्यात दाराखालच्या पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हर, आपण बडोदेकर ज्याला डिसमिस म्हणतो ते, जरा टेकवलं तर आतच गेलं. रंगाखाली लांबी भरलेली, लांबीखाली गंज. आता कुणी जुनी गाडी बघायला गेलात तर खिशात एक लोहचुंबक न्या. त्याला रुमाल गुंडाळायचा, म्हणजे रंगाला चरा पडत नाही, आणि दाराखाली, चाकांच्या कमानीवर फिरवायचा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. दोन रुपयांचं काम आहे. मी ते केलं नाही.

हा दाराखालचा भाग, त्याला सिल म्हणतात. मी त्याला गाडीचा उंबरा म्हणतो. बंद गाडीत उंबरा सडला तरी काही काळ चालून जातं, कारण वर छप्पर असतं. उघड्या गाडीत तसं नाही. बुटांचा खोका घ्या, झाकण लावून तो पिळून बघा, आणि मग झाकण काढून पिळून बघा. टपाची गाडी म्हणजे झाकण काढलेला खोका. एमजीबीच्या आधीच्या गाडीला, एमजीएला, खाली वेगळी चासी होती, तिच्यावर बॉडी बसवलेली. एमजीबीला वेगळी चासी नाही; पत्र्याची पेटीच सगळा भार पेलते. छप्पर नाही, म्हणून मधल्या बोगद्यावर आणि दोन बाजूंच्या दोन उंबऱ्यांवर सगळं ओझं. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मधे उभा पडद्यासारखा तिसरा, असे तीन पत्रे मिळून एक पेटी होते. इंग्लंडात थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळावा म्हणून. चाकाने उडवलेला खारट चिखल या पेटीत जाऊन बसतो, पाणी निघून जायची भोकं बुजतात, आणि आतून गंज सुरू होतो. बाहेरून दिसतो तेव्हा आत काही उरलेलं नसतं.

हे सगळं मला पुस्तकात वाचून माहीत होतं. तरीही १९९८च्या डिसेंबरात मी गाडी पुढे-मागे घोड्यांवर चढवली, ग्राइंडर घेतला, आणि दोन्ही बाजूंचे उंबरे एकाच शनिवार-रविवारी कापून टाकले. आधार न देता. कलाभवनात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सला चांगले गुण मिळवलेला माणूस मी. सोमवारी संध्याकाळी सहज दार लावून पाहिलं, लागलं नाही. वरच्या कोपऱ्यात खांबाला घासत होतं, खाली मात्र फट. गाडी मधे बसली होती. पाट वाकतो तशी.

मी तिच्यावर ताडपत्री टाकली आणि गॅरेजला कुलूप लावलं. दीड वर्ष. फोनवर अण्णा विचारायचे, गाडी काय म्हणते? मी म्हणायचो, छान आहे.

२०००च्या मे महिन्यात अण्णा सहा महिन्यांसाठी आले. आई जाऊन वर्ष झालं होतं. पहिले दहा दिवस ते बागेतल्या खुर्चीवर बसून राहिले, शेजाऱ्यांच्या मांजरीशी गुजरातीत बोलायचे. एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर गॅरेजचं दार उघडं, ताडपत्री घडी करून कोपऱ्यात, आणि बॉनेट वर. किल्ली स्वयंपाकघरात टांगलेली असायची, ती त्यांना कुणी दाखवावी लागली नाही.

मी वाट पाहत होतो की आता बोलणार. ते म्हणाले, “अरे, हे तर आपल्या अ‍ॅम्बॅसिडरचं इंजिन.”

मी जरा दुखावलोच. म्हटलं, “अण्णा, ही स्पोर्ट्स कार आहे.”

“असेल. इंजिन अ‍ॅम्बॅसिडरचं आहे.”

आणि त्यांचं बरोबर होतं. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची बी-सिरीज. आपल्या पेट्रोल अ‍ॅम्बॅसिडरला १४८९ सीसीचं, एमजीबीला तेच वाढवत नेऊन १७९८ सीसीचं, आणि वर एकाऐवजी दोन कार्बोरेटर. अ‍ॅम्बॅसिडरच्या अंगावर गणवेश टॅक्सीचा, हिच्या अंगावर टेनिसचा, एवढाच फरक. पस्तीस वर्षं ज्या इंजिनात अण्णांचे हात होते, त्याच इंजिनाचा भाऊ मी सात हजार किलोमीटरवर गॅरेजात लपवून ठेवला होता.

मग ते दाराकडे गेले. वरच्या फटीत बोट घातलं, गेलं नाही. खालच्या फटीत घातलं, दोन गेली. “बसलीय,” म्हणाले. “आधार दिला नव्हतास?”

“नाही.”

“दोन्हीकडे एकदम कापलंस?”

“हो.”

इथे रावपुऱ्यात एखाद्या पोऱ्याने असं केलं असतं तर काय ऐकावं लागलं असतं ते मला ठाऊक होतं. मला म्हणाले, “जॅक आण. आणि जाड फळी.”

पुढचे दोन दिवस त्यांनी जे केलं ते माझ्या कुठल्याच वहीत नव्हतं. मजल्याखाली फळी, फळीखाली जॅक. दार बिजागरीवर तसंच ठेवलं. जॅकचा दांडा पाव फेरा फिरवायचा, मग चहा. परत पाव फेरा. मी फुटपट्टी आणली, तर म्हणाले, ठेव ती, दार सांगेल. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला दार लागलं. ‘टक’ असा आवाज झाला. अण्णांनी तीनदा उघडून तीनदा लावलं. मग मजल्यावरून ओळंबा सोडून दोन्ही खांब पाहिले, आणि तेव्हाच दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी दांडे लावून घेतले. ते दांडे मी कापण्याआधी लावायला हवे होते. तुमच्यापैकी कुणी टपाची गाडी दुरुस्त करणार असाल तर माझ्या भाषणातलं एवढं एक लक्षात ठेवा: आधी चौकट बांधा, मग एक बाजू कापा, ती पूर्ण जोडा, दार लावून बघा, आणि त्यानंतरच दुसऱ्या बाजूला हात लावा.

जोडकामाला गल्लीतले एक निवृत्त वेल्डर यायचे. त्यांना मराठी येत नव्हतं, अण्णांना इंग्रजी. दोघं दिवसभर बोलत असायचे. बोट दाखवायचं, मान हलवायची, कधी दोघांनी मिळून माझ्याकडे बघून हसायचं. नवे पत्रे विकत मिळतात, ही या गाडीच्या बाबतीत मोठी सोय. इतकंच नव्हे, १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाची संस्था जुन्याच साच्यांवर ठोकलेली एमजीबीची अख्खी नवी बॉडी विकते. मी ती घेऊया म्हणालो होतो. अण्णांनी किंमत विचारली, रुपयांत हिशेब केला, आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

उंबऱ्याची पेटी बंद करायच्या आधी अण्णांनी आतून रंग लावून घेतला, आणि वाळल्यावर डिसमिसच्या टोकाने आतल्या पत्र्यावर तारीख कोरली. मी म्हटलं, हे आता दिसणार कुणाला? त्यावर जे म्हणाले ते मी शब्दशः सांगतो. “जो पुढे कापेल त्याला दिसेल. दुरुस्ती अशी करावी की आपण काय केलं ते पुढच्या फिटरला कळलं पाहिजे. ज्याने लांबी भरली त्याने लपवलं. तू ताडपत्री टाकलीस, तेही तेच.”

यानंतर आमच्यात त्या विषयावर बोलणं झालं नाही. गरज नव्हती.

त्याच वर्षी इंग्लंडात शिसं घातलेलं पेट्रोल पंपावरून गेलं. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकीला त्या शिशाचा आधार असतो. व्हॉल्व्ह आपटून बैठक झिजू नये म्हणून. शिसं गेलं की बैठक हळूहळू खाली जाते आणि टॅपेटमधलं अंतर कमी होत जातं. म्हणून हेड काढून कडक पोलादाच्या बैठकी बसवून घेतल्या. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, अण्णांनी माझ्या हातात फिलर गेज दिलं.

टॅपेट लावणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये अगदी बारीक फट ठेवायची असते. या इंजिनात ती पंधरा थाऊ, म्हणजे एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पंधरा. जास्त झाली तर टकटक, कमी झाली तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. आठ व्हॉल्व्ह. कुठला कधी लावायचा? तर ज्याला हात लावायचा तो पूर्ण मिटलेला हवा. अण्णांचं गणित सोपं होतं: बेरीज नऊ. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला लावायचा. सहावा दाबलेला असेल तेव्हा तिसरा. चौथा असेल तेव्हा पाचवा. पुस्तकातही हेच दिलं आहे, पण मी ते तोवर पाठ केलं होतं, समजलं नव्हतं. फटीत पातं सरकवलं की ते ना अडकायला हवं ना सैल फिरायला. “लोणी लावलेल्या सुरीसारखं गेलं पाहिजे,” असं म्हणायचे. माझं पहिल्या दिवशी एकही बरोबर आलं नाही. त्यांचा हात तेव्हा थरथरायला लागला होता. कप धरताना बशी वाजायची. पातं धरलं की थांबायचा.

दोन कार्बोरेटर जुळवताना त्यांनी बागेतल्या नळीचा हातभर तुकडा कापला, एक टोक कानाला, दुसरं आळीपाळीने दोन्ही तोंडांना. दोन्हीकडचा सुस्कारा सारखा ऐकू आला की जुळलं. मी तोवर त्यासाठी एक महागडं मीटर आणून ठेवलं होतं. ते अजून डब्यात आहे.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गाडी रस्त्यावर निघाली. टप खाली. अण्णांनी डोक्यावर माकडटोपी घातली होती, ऑगस्टात. चाळीस मैलांच्या पुढे मला जाऊ दिलं नाही. वाटेत एका चढावर म्हणाले, “चौथा जरा बोलतोय.” मला काहीच ऐकू आलं नव्हतं. घरी येऊन कव्हर उघडलं, चौथ्याची फट सतरा होती.

आता फेरबदलांबद्दल. कारण हौशी माणसाचा खरा जीव देखभालीत नसतो, बदल करण्यात असतो. माझाही होता. माझ्या गाडीला पुढे-मागे काळे रबरी बंपर आहेत. १९७४च्या शेवटापासून अमेरिकेतल्या नियमांसाठी कारखान्याने ते बसवले आणि नियमातली उंची गाठायला अख्खी गाडी सुमारे दीड इंच वर उचलली. गाडी वळणावर डोलायला लागली, आणि वर त्या दोन वर्षांत टपाच्या गाडीचा पुढचा अँटी-रोल बारही काढून टाकला. त्यामुळे या गाड्या स्वस्त मिळतात, मला मिळाली ती म्हणूनच. पुष्कळ जण बंपर काढून जुन्या पद्धतीचे चकचकीत क्रोमचे बसवतात. त्यासाठी पुढचा पत्रा कापावा लागतो. माझं सगळं सामान आलं होतं. अण्णांनी एकच विचारलं, “आणि मन फिरलं तर?”

क्रोमचं सामान मी परत पाठवलं. अँटी-रोल बार बसवला. तो नटबोल्टवर बसतो, गाडी वळणावर सरळ राहते, आणि नको असेल तेव्हा तासाभरात निघतो. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं, पण जुने पॉइंट आणि कंडेन्सर डॅशबोर्डच्या कप्प्यात आहेत. एकदा पावसात रात्री त्यांनीच घरी आणलं. मागचे दिवे एलईडी केले, कारण मूळचे बल्ब दुसऱ्याला दिसावेत एवढेही उजेड देत नाहीत. यातला एकही बदल असा नाही की जो पुढच्या माणसाला उलटा करता येणार नाही. मूळ गाडीच्या पावित्र्याबद्दल मला फारशी आस्था नाही. कारखान्याने स्वतःच तिच्यात अठरा वर्षं फेरफार केले. पण कापलेला पत्रा परत येत नाही, हे मी दीड वर्ष ताडपत्रीखाली पाहिलं आहे.

यात कायद्याचाही भाग आहे. इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट मिळते, पण गेल्या तीस वर्षांत तिच्यात मोठा बदल झालेला नसेल तरच. आपल्याकडे २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. नंबरप्लेटवर व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा अशी अट तिथेही आहे. इथे काही घरांच्या मागे अजून फियाट, अ‍ॅम्बॅसिडर, जुन्या जीप उभ्या आहेत, मला माहीत आहे. ‘जरा मॉडर्न करून घेऊ’ म्हणून कटर चालवण्याआधी ही अट वाचा.

आणि अशी गाडी किंवा जुनी स्कूटर चालवत असाल तर पेट्रोलच्या नळ्या आधी बदला. आपल्या पंपावर आता वीस टक्के इथेनॉल असतं. त्याने जुनं रबर फुगतं, मऊ होतं, आणि गळायला लागतं ते नेमकं गरम इंजिनावर. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून गाडी उभी ठेवायची असेल तर टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवू नका. इथेनॉल चालणाऱ्या नळ्या शे-दोनशे रुपयांत मिळतात. गाडी जळण्यापेक्षा स्वस्त.

अण्णा २००९ मध्ये गेले. परत इंग्लंडला आले नाहीत, पण दर रविवारी फोनवर आधी गाडीची चौकशी व्हायची, मग नातीची. मी दोन-तीन वर्षांपूर्वी इकडे परत आलो. गाडी तिकडेच आहे, मुलीकडे. तिला ती इलेक्ट्रिक करायची आहे. इंजिन काढून त्या जागी मोटर आणि बॅटऱ्या बसवून देणारे लोक तिकडे आहेत, आणि आता पत्रा न कापता मूळच्याच बोल्टांवर बसणारी सामग्रीही मिळते. मी ऐकलं तेव्हा माझा आवाज चढला. बी-सिरीज इंजिन काढायचं? मग उरलं काय?

ती शांतपणे म्हणाली, “बाबा, बोल्टवर बसतं. इंजिन मी फळीवर, तेल भरून, गुंडाळून ठेवणार. पुढच्याला परत घालता येईल.”

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. पुढच्या वर्षी वसंतात मी जाणार आहे, तेव्हा ठरेल. तोवर टॅपेट तीच लावते, मी व्हिडिओ कॉलवर असतो. फोनमधून आवाज नीट येत नाही, पण मागच्या महिन्यात मला वाटलं की चौथा जरा बोलतोय.

अण्णांचं फिलर गेज मी आज बरोबर आणलं आहे. पंधराचं पातं वापरून झिजलं आहे. मायक्रोमीटरने मोजलं तर साडेचौदा भरतं, तेव्हा त्याने लावायचं तर हाताला जरा सैल ठेवावं लागतं. ज्यांना पाहायचं आहे त्यांनी भाषणानंतर इथे टेबलापाशी यावं. पात्यांना तेल लावलेलं आहे, सणाच्या कपड्यांना पुसू नका.